व्हिसाची खिडकी भारतात आहे, मग तिच्यावर लक्ष कोणाचे?

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
परराष्ट्र व्यवहारविषयक संसदीय स्थायी समिती,
संसद भवन, नवी दिल्ली

स. न. वि. वि.

मी नाशिकमध्ये व्हिसाच्या फायली भरून देतो. माझ्याकडे येतात ते निफाड-दिंडोरीकडचे द्राक्ष बागायतदार, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून परदेशी प्रशिक्षणाला निघालेले इंजिनिअर, लेकीच्या बाळंतपणाला आयर्लंडला जायचे म्हणून पहिल्यांदा पासपोर्ट काढलेल्या आया आणि एमएससाठी कर्ज डोक्यावर घेतलेली पोरं. या विषयावर माझे पोट आहे हे आधीच सांगून टाकतो. व्यवस्था जितकी किचकट, तितकी माझ्या दारात गर्दी. तेव्हा या पत्रात मी जे मागतो आहे ते मिळाले तर माझाच धंदा थोडा बसेल. बसू दे.

मागणी एकच आहे. परदेशी व्हिसाचे अर्ज भारतात ज्या केंद्रांवर घेतले जातात, तिथे भारताच्या वतीने कोणीतरी कायमचे लक्ष ठेवावे, न सांगता जाऊन तपासणी करावी आणि जे दिसेल ते छापून लोकांपुढे ठेवावे. व्हिसा कोणाला द्यायचा हा ज्या त्या देशाचा सार्वभौम हक्क, हे मला मान्य आहे. परराष्ट्र मंत्रालयाचेही ठरलेले उत्तर हेच असते. पण त्या उत्तराच्या आड बरेच काही झाकले जाते.

१९६३च्या व्हिएन्ना कराराने व्हिसा देणे हे वकिलातीचे काम ठरवले आणि वकिलातीच्या वास्तूला संरक्षण दिले. तिथे आपले पोलीस परवानगीशिवाय शिरू शकत नाहीत, आणि तसेच असायला हवे. मात्र गेल्या पंचवीस वर्षांत अर्ज घेण्याचे काम त्या वास्तूतून बाहेर पडून खासगी कंपन्यांकडे गेले. या पद्धतीची सुरुवात तर आपल्या मुंबईतच झाली. २००१ मध्ये अमेरिकी वकिलातीच्या अर्जांपासून व्हीएफएस या खासगी कंपनीचे काम सुरू झाले आणि आज हा उद्योग जगभर पसरला आहे. कंपनी निर्णय घेत नाही. ती कागद घेते, फी घेते, दहा बोटांचे ठसे आणि फोटो घेते, पासपोर्ट ठेवून घेते आणि पाकीट पुढे पाठवते. हे सगळे एखाद्या व्यापारी संकुलातल्या भाड्याच्या गाळ्यात चालते. त्या गाळ्याला महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा लागू आहे. आत जे सेवाशुल्क घेतात त्यावर जीएसटी लागतो. कर घ्यायला सरकार हजर असते, तक्रार ऐकायची वेळ आली की ते परराष्ट्र धोरण होऊन बसते.

तक्रार करायचीच म्हटले तर कुठे करायची? वकिलाती परराष्ट्र मंत्रालयाकडे. इमिग्रेशन गृह मंत्रालयाकडे. ग्राहकांचे खाते वेगळे, डेटा संरक्षणाचे आणखी वेगळे. ‘मदद’ पोर्टल २०१५ पासून आहे आणि चांगले आहे, पण ते परदेशात अडकलेल्या भारतीयांसाठी. भारतातच, मुंबईतल्या एका काउंटरवर अडकलेल्या भारतीयाने काय करायचे? वकिलात म्हणते कंपनीला विचारा, कंपनी म्हणते निर्णय वकिलातीचा. दोघेही आपापल्या जागी खरे असतात आणि माणूस मधल्या मध्ये लटकतो.

आता एक फाइल जवळून दाखवतो. माणूस निफाड तालुक्यातला, बाग चांगली, माल कंटेनरने युरोपला जातो. तिकडच्या एका फळ-प्रदर्शनाचे निमंत्रण होते, खरेदीदाराचे पत्र होते, परतीचे तिकीट होते. कागदांच्या यादीत पहिली मागणी तीन वर्षांच्या आयकर विवरणपत्रांची. शेतीचे उत्पन्न आपल्याकडे आयकरमुक्त आहे, त्यामुळे विवरणपत्रात जे दिसते ते एखाद्या शिपायाच्या पगाराइतके. दुसरी मागणी सहा महिन्यांच्या बँक स्टेटमेंटची. आता द्राक्षाचा पैसा येतो कसा? फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये निर्यातदाराकडून एकदम. त्याआधीचे महिने खाते कोरडे, उलट औषधे, खते, मजुरी आणि सोसायटीचा हप्ता यांनी पोखरलेले. प्रदर्शन फेब्रुवारीत, म्हणून अर्ज डिसेंबरात, म्हणजे खाते सर्वांत रिकामे असताना. कोणी मदतीला म्हणून भावाच्या खात्यातून पैसे वळवले तर तो ‘अचानक भरणा’ ठरतो आणि संशय आणखी वाढतो. सातबारा आम्ही भाषांतर करून, नोटरी करून जोडतो. काउंटरवरची मुलगी तो उलटसुलट करून पाहते आणि म्हणते, यादीत हा कागद नाही, काढून टाका. मी म्हणतो राहू द्या. ती म्हणते मग तुमच्या जबाबदारीवर. तो पुढे गेला की बाहेर पडला, हे मला आजवर कळलेले नाही, कारण पाकिटात नक्की काय गेले याची यादी अर्जदाराला मिळत नाही.

नकार आला. छापील फॉर्म, त्यात एका चौकोनात खूण: मुदत संपण्यापूर्वी आपण परत जाल याबद्दल वाजवी शंका आहे. एप्रिलमध्ये ज्याच्या बागेची खरड छाटणी आहे, तो माणूस म्हणे तिकडे राहून जाणार! ज्याला द्राक्षातले कळते तो हसेल. छाटणी चुकली तर पुढच्या हंगामाची काडी गेली, हे बारा एकरांचे बंधन कोणत्याही नोकरीच्या दाखल्यापेक्षा घट्ट आहे. पण हे तिकडच्या अधिकाऱ्याला सांगणार कोण? तो कधी भेटतच नाही. त्याला दोष देण्यातही अर्थ नाही, त्याच्यापुढे जे पाकीट येते तेवढेच त्याचे जग. प्रश्न पाकीट भरणाऱ्या यंत्रणेचा आहे, आणि ती यंत्रणा आपल्या जमिनीवर बसलेली आहे.

यातली खरी गंमत ऐका. याच शेतकऱ्याचा माल युरोपला जातो तेव्हा त्याच्या प्लॉटची नोंद अपेडाच्या, म्हणजे केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या, ‘ग्रेपनेट’ या संगणकीय नोंदवहीत असते. औषधांच्या अवशेषांची तपासणी कोणत्या प्रयोगशाळेत झाली, कोणत्या पॅकहाउसमधून पेटी निघाली, सगळे त्या पेटीच्या क्रमांकावरून सापडते. रॉटरडॅमचा खरेदीदार उलटा माग काढत पिंपळगावच्या बागेपर्यंत पोहोचतो. पेटीला जेवढा माग आहे तेवढा पेटीच्या मालकाच्या अर्जाला नाही.

आणि हा एकट्यादुकट्याचा मामला नाही. युरोपीय आयोग दरवर्षी वकिलातनिहाय आकडे प्रसिद्ध करतो. २०२४ मध्ये भारतातून शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, ११ लाखांहून अधिक अर्ज गेले आणि सुमारे १ लाख ६५ हजार नाकारले गेले. फी जून २०२४ मध्ये ८० युरोंवरून ९० युरो झाली, आणि नकार आला तरी ती परत मिळत नाही. दाद मागायची तर निर्णय देणाऱ्या देशाच्या कायद्याप्रमाणे. जर्मनीने १ जुलै २०२५ पासून वकिलातीकडेच फेरविचार मागण्याची सोय जगभर बंद केली, म्हणजे आता उरला तो बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयाचा रस्ता. तो त्यांचा अधिकार, मान्य. पण दुसरीकडे दाद मागणे जितके महाग होते, तितके इथे कागद नीट घेतले जाण्याला महत्त्व येते. एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय संघाने भारतीयांसाठी नियम सैल केले. तीन वर्षांत दोन व्हिसा नीट वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा, नंतर पाच वर्षांचा मिळू शकतो. चांगलेच झाले. मात्र त्या शिडीची पहिली पायरी पहिला व्हिसाच आहे, आणि गावाकडचा माणूस नेमका तिथेच घसरतो.

बोटांचे वेगळे सांगायला हवे. शेंगेनसाठी भारतात ठसे घेणे २ नोव्हेंबर २०१५ पासून सुरू आहे. काचेवर चार बोटे ठेवा, दिवा हिरवा होईल. ज्याचा हात कीबोर्डवर असतो त्याचा दिवा लगेच हिरवा होतो. बागेत विरळणी करणाऱ्या, थिनिंगच्या कात्रीने आणि घड बुडवायच्या औषधी पाण्याने बोटांची कातडी गुळगुळीत झालेल्या माणसाचा होत नाही. ‘काका, दाबू नका, नुसते ठेवा.’ पुन्हा. ओला टिश्यू, पुन्हा. मागची रांग खाकरायला लागते. रेशन दुकानात आधारचा अंगठा उमटत नाही ही तक्रार आपल्या देशाने पुरती अनुभवली आहे, तिथे निदान पर्याय म्हणून ओटीपी तरी आला. इथे ठसा पुसट गेला तर ती पुसट नोंदच त्या माणसाची ओळख होऊन बसते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपने सीमेवरची नवी प्रवेश-निर्गमन प्रणाली टप्प्याटप्प्याने सुरू केली. पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी संगणकात नोंद, चेहऱ्याचा फोटो आणि मुक्कामाचे दिवस आपोआप मोजणे. व्हिसा घेऊन जाणाऱ्याचे ठसे आधीच्या नोंदीशी ताडून पाहतात. म्हणजे मुंबईच्या गाळ्यात पुसट उमटलेले बोट परक्या विमानतळावर ऐन वेळी माणसाला बाजूच्या खोलीत बसवू शकते. त्या यंत्राची काच कोणी तपासते का, ठसे घेणाऱ्याला प्रशिक्षण किती, ठसे पाठवल्यावर इथल्या संगणकातून पुसले जातात की नाही, हे भारतीय माणसाने भारतात विचारायचे तर कोणाला? डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५चे, आणि मुख्य जबाबदाऱ्यांना आणखी दीड वर्षाची सवलत. बोटे मात्र रोज दिली जात आहेत.

पैशांबद्दल थोडक्यात, कारण हे सगळ्यांना माहीत आहे. सेवाशुल्क वेगळे, एसएमएस वेगळा, कुरियर वेगळे, झेरॉक्स वेगळी, फोटो वेगळा, आणि रांगेला कंटाळलात तर सोफा असलेला कक्ष वेगळा. कागदावर सगळे ऐच्छिक. पण साधी अपॉइंटमेंट महिनाभर दिसत नाही आणि महागडी उद्याची दिसते, तेव्हा ऐच्छिक म्हणायचे कशाला? स्लॉट कोण अडवतो, कोण विकतो, हे आमच्या धंद्यातल्या कोणालाही विचारा, नावे सोडून सगळे सांगेल. त्यात आमचेच काही भाईबंद आहेत. अशा लोकांना पकडायला परदेशी राजदूताची परवानगी लागत नाही.

आता दुसऱ्या देशांनी काय केले ते पाहा. युरोपीय संघाच्या व्हिसा संहितेत कंत्राटी केंद्रांवर एक आख्खे कलम आहे. सेवाशुल्क सर्वसाधारणपणे व्हिसा फीच्या निम्म्याहून जास्त नको. वकिलातीने निदान दर नऊ महिन्यांनी केंद्रावर अचानक तपासणी करायची. प्रत्येक सदस्य देशाने दरवर्षी १ फेब्रुवारीपर्यंत या देखरेखीचा अहवाल युरोपीय आयोगाला द्यायचा. म्हणजे मुंबईतल्या गाळ्यात काय चालते याचा अहवाल ब्रसेल्सला जातो. दिल्लीला येत नाही. आपण मागायला काय हरकत आहे?

ब्रिटनने एक पाऊल पुढे टाकले आहे. २००७च्या कायद्याने तिथे सीमा आणि इमिग्रेशनसाठी स्वतंत्र मुख्य निरीक्षक नेमला जातो. तो विमानतळ बघतो, व्हिसा विभाग बघतो आणि त्याचे अहवाल पार्लमेंटपुढे ठेवले जातात. मला त्या देशाचे गोडवे गायचे नाहीत. तिथल्याच गृह खात्याने व्हिसा अर्जांची प्रतवारी करणारी एक संगणकीय प्रणाली वापरली होती, त्यात अर्जदाराचे राष्ट्रीयत्व हा एक निकष होता. कोर्टात आव्हान मिळाल्यावर ऑगस्ट २०२० मध्ये ती बंद करावी लागली. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तर त्यांनी आपल्याच मुख्य निरीक्षकाला काढून टाकले, कारण लंडनच्या एका विमानतळावरील खासगी विमानांच्या तपासणीतली ढिलाई त्याने वर्तमानपत्राला सांगितली. त्याचे दडवून ठेवलेले अनेक अहवाल नंतर एकदम बाहेर काढण्यात आले. मला यातून एवढेच घ्यायचे आहे की आपल्याकडे असा निरीक्षक नेमायचा तर अहवाल छापायचा की नाही हे मंत्र्याच्या हातात ठेवू नका. तारीख कायद्यात लिहा.

आपल्या स्वतःच्या दारात काय आहे, तेही बोलू, नाहीतर समोरचा म्हणेल आधी आपले बघा. ई-व्हिसा आपण २७ नोव्हेंबर २०१४ला सुरू केला आणि तो आपल्या सरकारच्या चांगल्या कामांपैकी एक आहे असे माझे मत आहे. पण अर्ज फेटाळला तरी फी परत नाही, हा नियम आपलाही आहेच. सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी बनावट संकेतस्थळे इतकी आहेत की सरकारला त्यांच्याबद्दल इशारा देऊन ठेवावा लागतो. आणि आता नाशिक-त्र्यंबकेश्वरला २०२६-२७चा सिंहस्थ. परदेशी भाविक येतील, कोणी पंचवटीत धर्मशाळेत उतरेल, कोणी गंगापूर रोडला ओळखीच्या घरी. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत ठरलेला फॉर्म (जुन्या नावाने ‘फॉर्म सी’) भरून कळवायचे असते, हे किती घरमालकांना ठाऊक आहे? १ सप्टेंबर २०२५ पासून चार जुने कायदे मोडीत काढून नवा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा लागू झाला. त्यातली जबाबदारी हॉटेलवाल्यावर आहे, रुग्णालयावर आहे, विद्यापीठावर आहे. इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याने चुकीचे वागवले तर भाविकाने कोणाकडे जायचे, याची पाटी मात्र विमानतळावर मला दिसलेली नाही.

देश सोडतानाचेही तसेच. कर्ज थकले म्हणून सरकारी बँकांनी ‘लुकआउट सर्क्युलर’, म्हणजे देशाबाहेर जाताना अडवण्याची सूचना, काढायला लावायचे आणि माणसाला ते विमानतळावर, बॅगा टाकून झाल्यावर कळायचे, असा प्रकार कित्येक वर्षे चालला. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बँकांना असा अधिकार नाही असे ठरवले. न्यायालयात जाण्याची ऐपत असलेल्यांनी तो प्रश्न तडीस नेला. देखरेख करणारे कोणी असते तर तो इतकी वर्षे चाललाच नसता.

इमिग्रेशन हा विषय गृह खात्याचा, त्याची स्थायी समिती निराळी, याची मला कल्पना आहे. म्हणूनच आपल्याला लिहितो आहे. दोन समित्यांच्या फटीत पडलेला हा विषय दोघांनी मिळून उचलावा. आपल्याला दरवर्षी अभ्यासासाठी विषय निवडायचे असतात, त्यांत ‘भारतातील परदेशी व्हिसा अर्ज केंद्रे’ हा एक घ्या. परराष्ट्र, गृह, ग्राहक व्यवहार आणि माहिती तंत्रज्ञान या चारही खात्यांच्या सचिवांना एकाच दिवशी एकाच टेबलाशी बसवा, म्हणजे बोट दाखवायला बाहेर कोणी उरणार नाही. आपल्या शिफारशींवर सरकारला तीन महिन्यांत काय केले ते सांगावे लागते, हे हत्यार साध्या माणसाकडे नाही.

तोवर जे लगेच होऊ शकते ते तरी व्हावे. केंद्रात घेतलेल्या प्रत्येक कागदाची सहीशिक्क्याची यादी अर्जदाराला मिळावी. दरपत्रक मराठीत, दारावर, मोठ्या अक्षरांत लागावे. शेतीच्या उत्पन्नाचे काय करायचे यावर परराष्ट्र मंत्रालयाने वकिलातींशी बोलून एक साधा नमुना ठरवावा: तहसीलदाराचा दाखला, सातबारा, निर्यातदाराची बिले. निदान यादीत तो रकाना तरी असू दे. ठसे उमटत नसतील तर तसा लेखी शेरा अर्जदाराच्या हातात पडावा, म्हणजे तो विमानतळावर दाखवता येईल. यातल्या एकाही गोष्टीने कोणाचे सार्वभौमत्व उणे होत नाही.

समित्या अभ्यासदौरे काढतात, तसा एक नाशिकला काढा. पाहण्यासारखे इथे पुष्कळ आहे. देशाचे पासपोर्ट नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापले जातात, आता चिपवाला ई-पासपोर्टही तिथेच होतो, इतर देशांच्या लोकांना आपण देतो ती व्हिसाची स्टिकरेही तिथलीच. त्या प्रेसच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला स्वतःची बोटे द्यायला सकाळी पंचवटी एक्स्प्रेस धरून मुंबई गाठावी लागते. दौरा जानेवारी ते मार्चमध्ये ठेवलात तर बागायतदार भेटणार नाहीत, काढणी चालू असते. मे महिन्यात या. छाटणी उरकलेली असेल, माणसे मोकळी असतील आणि उन्हाळी सुट्टीच्या व्हिसांचे नकारही तोवर हातात पडलेले असतील. ज्यांची तयारी आहे त्यांच्या फायली, नावे झाकून, मी टेबलावर ठेवीन. निफाडच्या त्या बागायतदाराने होकार दिला आहे.

कळावे,

आपला,
व्हिसा फायली भरून देणारा एक नाशिककर

प्रत माहितीसाठी: नाशिक आणि दिंडोरी लोकसभा मतदारसंघांचे खासदार, अध्यक्ष, गृह व्यवहारविषयक संसदीय स्थायी समिती